एकमेकांना न ओळखणारी दोन माणसं

आमचे मामेसासरे, म्हणजे बायकोचे सख्खे मामा, सूर्य पूर्वेला उगवतो एवढं मान्य करतात. पण ते त्यांनी कोणाच्या सांगण्यावरून मान्य केलेलं नाही. कोलशेतच्या त्यांच्या घराची गॅलरी खाडीच्या अंगाला आहे आणि तिथून त्यांनी तो उगवताना स्वतः, पुष्कळ वेळा, पाहिलेला आहे. पावसाळ्यात ढगांमुळे जे दिवस तो दिसला नाही, त्या दिवसांविषयी ते मत देत नाहीत. अख्ख्या ठाणे जिल्ह्यात त्यांच्याइतका संशयी आणि त्यांच्याइतका भरवशाचा माणूस मी पाहिलेला नाही. हे वाक्य मी त्यांच्यासमोर कधी बोललेलो नाही, कारण ते लगेच विचारतील, ‘‘अख्खा जिल्हा पाहिलायत तुम्ही?’’ आणि मी भूगोलाचा मास्तर असूनही मला नाही म्हणावं लागेल.

पेशाने ते बातमीदार. ठाण्यातल्या एका दैनिकात त्यांनी सारी हयात काढली आणि निवृत्त झाल्यावरही दैनिकाने त्यांना सोडलं नाही. लोक त्यांना शोधपत्रकार म्हणतात तेव्हा ते अवघडतात. ‘‘शोध कसला डोंबलाचा? एकाला विचारायचं, मग ते खरं आहे का ते दुसऱ्याला विचारायचं. बहुतेक वेळा शोध लागतो तो एवढाच, की पहिला थापा मारत होता.’’ ही सवय त्यांनी ऑफिसात ठेवून घरी यावं अशी मामींची फार इच्छा होती. पण मामींनी स्वयंपाकघरातून ‘‘साखर संपली’’ असं म्हटलं की मामा वर्तमानपत्र बाजूला ठेवतात, उठतात, डबा उघडतात, आत बघतात आणि मगच पिशवी घेऊन खाली उतरतात. डबा दर वेळी रिकामाच असतो. ‘‘लग्नाला इतकी वर्षं झाली,’’ मामी मला एकदा म्हणाल्या, ‘‘पण मला नुसती भूक लागली तरी यांना ते आणखी कोणाकडून तरी कळायला हवं.’’ मामा शेजारीच होते. त्यांनी या तक्रारीचा प्रतिवाद केला नाही, कारण ती वस्तुस्थितीला धरून होती.

त्यांचा मुख्य नियम असा: एकमेकांना न ओळखणाऱ्या दोन माणसांनी, वेगवेगळं, एकच सांगितलं तर ती बातमी. एकमेकांना ओळखणाऱ्या दोघांनी सांगितलं तर त्या गप्पा. आणि एकट्यानेच सांगितलं तर ती त्या माणसाची इच्छा. नियम सुरेख आहे, पण तो कल्याण-डोंबिवलीत पाळणं महाकर्मकठीण. इथे एकमेकांना न ओळखणारी दोन माणसं सापडतच नाहीत. कोणी कोणाच्या शाळेतला निघतो, कोणी कोणाच्या भिशीतला. एकदा एका शिक्षणसंस्थेची बातमी मामांनी चार महिने खपून उभी केली आणि छापायला देण्याच्या आदल्या दिवशी त्यांना कळलं की आपले दोन्ही साक्षीदार एकमेकांचे व्याही आहेत. बातमी त्यांनी परत घेतली. संपादक चिडून म्हणाले, अहो, व्याही असले म्हणून काय झालं, बातमी खरी आहे ना? मामा म्हणाले, ‘‘खरीच असेल. पण मला माहीत नाही.’’ मग कल्याणला रामबागेतला तिसरा माणूस गाठायला त्यांना आणखी महिना लागला, आणि तो दोघांनाही ओळखत नाही याची खात्री करायला दीड.

या नियमाच्या नात्यातला आणखी एक नियम ते पाळतात. ज्याच्याविषयी काही छापायचं, त्याला आधी विचारायचं, की बाबा, तुझं म्हणणं काय? मग तो चोर असो की साव. आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका सकाळी बातमी आली, की कल्याणचे अप्पा गेले. अप्पा म्हणजे सासूबाईंचे चुलते, वय नव्वदीच्या घरात, म्हणजे बातमीत संशय घ्यावा असं काही नव्हतं. अर्ध्या तासात हात जोडलेल्या चित्रांचा खच पडला. मामांनी मात्र अप्पांच्याच घरी फोन लावला. फोन अप्पांनीच उचलला. ‘‘अप्पा,’’ मामा अत्यंत अदबीने म्हणाले, ‘‘आपण आज पहाटे गेलात असं कळतंय. यावर आपलं म्हणणं काय?’’ अप्पा पोहे खात होते. त्यांनी बातमीचा साफ इन्कार केला. गेलेले होते ते त्यांच्याच मजल्यावरचे दुसरे अप्पा. पुढे आमच्या अप्पांनी तो ग्रुप नातवाकडून मोठ्याने वाचून घेतला आणि ज्यांनी नुसतं ‘ॐ शांती’ लिहिलं होतं त्यांच्याशी दिवाळीपर्यंत बोलले नाहीत. मामांचा मात्र त्यांनी शेवटपर्यंत मान राखला. ‘‘एवढ्या गोतावळ्यात मला विचारलं कोणी, तर यानेच,’’ असं ते सांगत.

मलाही त्यांनी विचारलं होतं. वृंदाचं, म्हणजे माझ्या बायकोचं, माझ्याशी लग्न ठरत होतं तेव्हाची गोष्ट. मुलाची चौकशी सगळेच करतात, पण ती गुपचूप, मागच्या दाराने. मामा एक दिवस सरळ माझ्या शाळेत आले, मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत शिरले आणि सर्वांच्या देखत म्हणाले, ‘‘मी मुलीचा मामा. तुमची चौकशी करायला आलोय. कोणाकोणाला विचारू ती नावं द्या, म्हणजे त्यांना सोडून बाकीच्यांना विचारतो.’’ मी गोंधळून तीन नावं दिली. पुढचे तीन आठवडे डोंबिवलीत मला ओळखणारा एकही माणूस सुटला नाही. इस्त्रीवाला, वाचनालयातल्या बाई, दहावीला माझ्या पुढच्या बाकावर बसणारा मुलगा, इतकंच काय, ज्या मुलीने मला आधी नकार दिला होता तिचे वडीलसुद्धा. मग एका रविवारी ते आमच्या घरी आले आणि वहीतून सगळे मुद्दे वाचून दाखवले. मी माझी उंची एक इंच वाढवून सांगितली होती. नववीत मी गणितात कॉपी केली होती, पण ज्याची केली तो नापास झाल्याने मीही झालो होतो. ‘‘यावर तुमचं म्हणणं?’’ मी सगळं कबूल केलं. त्यांनी वही मिटली आणि वृंदाला फोनवर एवढंच सांगितलं, ‘‘मुलगा साधारण आहे. पण विचारल्यावर खरं बोलतो.’’ माझ्या आयुष्यात मला मिळालेलं हे सर्वोत्तम प्रशस्तिपत्र आहे आणि ते मी कुठेही दाखवू शकत नाही.

माणसांपेक्षा मामांचा जीव खरा रमतो तो कागदांत. पण त्यांची कागद वाचायची रीत उलटी. कागदावर काय लिहिलंय ते ते सर्वांत शेवटी वाचतात. आधी तो उजेडाकडे धरतात. शिक्का सहीच्या वर आहे की खाली, तारखेला रविवार तर नव्हता ना, टाचणीची भोकं दोन आहेत की चार. भोकं चार असली तर त्यांचे डोळे चमकतात, कारण त्याचा अर्थ, कागद एकदा सुटे करून परत टाचलेत, आणि मधलं एखादं पान गेलेलं असू शकतं. ‘‘मजकूर काय, कोणीही चांगला लिहितो,’’ असं त्यांचं मत. ‘‘खोटं बोलणारा मजकुरावर मेहनत घेतो. कडांकडे त्याचं लक्ष नसतं.’’ आमच्या घरी आलेल्या लग्नपत्रिकाही ते आधी पाठीमागून बघतात.

त्यांच्या बातमीत ‘समजते’ हा शब्द नसतो. ‘कळते’ नसतो, ‘बोलले जाते’ नसतो, ‘सूत्रांनी सांगितले’ तर नसतोच. एकदा टँकरच्या बातमीत संपादकांनी ‘रोज असंख्य टँकर’ असं वाक्य घातलं, तर मामा म्हणाले, असंख्य म्हणजे किती? आणि दुसऱ्या दिवशी माजिवड्याच्या नाक्यावर छत्री उघडून टँकर मोजायला बसले. पहिल्या दिवशी ट्रॅफिक हवालदाराने त्यांना हटकलं. दुसऱ्या दिवशी तो त्यांना बसायला कुठून तरी स्टूल घेऊन आला. चौथ्या दिवशी मामा डबा खात असताना तो हवालदार स्वतः मोजत होता आणि मधूनच ओरडून सांगत होता, ‘‘साहेब, अजून एक गेला, पण तो रिकामा वाटला, धरू का?’’ मामा म्हणाले, ‘‘वाटला असेल तर नको.’’

आणि चहा. मामा चहाचे इतके शौकीन, की मामींचा साखरेचा डबा रिकामा होतो तो त्यांच्यामुळेच. पण ज्याच्याविषयी बातमी करायची आहे, त्याच्या घरचा किंवा टेबलावरचा चहा ते घेत नाहीत. पाणी घेतात, चहा नाही. चहा घेतला की माणूस थोडा आपला होतो आणि आपल्या माणसाचं खोटं ऐकू येत नाही, असं ते सांगतात. ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या सगळ्या कचेऱ्यांत हे माहीत झालेलं. मामांनी कोणाकडे चहाला नको म्हटलं, की त्या साहेबाच्या हाताखालची माणसं एकमेकांकडे बघू लागत.

हे सगळं इतकी वर्षं मी लांबून, मजेत बघत होतो. चार पाहुणे आले की मामांचे किस्से सांगायचे हा माझा हक्काचा उद्योग. मग एक बातमी आमच्याच घरावर आली.

एका गृहस्थाने मामांना इमारतींच्या बांधकाम परवानग्यांच्या झेरॉक्स आणून दिल्या. या खोट्या आहेत, एवढंच त्याचं म्हणणं. म्हणजे मामांच्या भाषेत, त्या गृहस्थाची इच्छा. मामांनी नेहमीप्रमाणे मजकूर वाचलाच नाही. प्रत्येक परवानगीच्या डोक्यावर एक जावक क्रमांक असतो. कचेरीतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पत्राला तो मिळतो आणि जावक नोंदवही नावाच्या जाडजूड वहीत चढतो. मामांनी माहितीच्या अधिकारात अर्ज केला आणि ती वही बघायला मागितली. मग रोज सकाळी ते कोलशेतहून डबा घेऊन निघायचे आणि संध्याकाळपर्यंत वहीवर बोट फिरवत बसायचे. क्रमांक सगळे वहीत होते. फक्त ते दुसऱ्याच पत्रांचे होते. सात मजल्यांच्या एका इमारतीच्या परवानगीचा क्रमांक प्रत्यक्षात होता भटक्या कुत्र्यांच्या बंदोबस्ताविषयीच्या एका उत्तराचा. दुसऱ्या इमारतीचा, एका शिपायाच्या रजेचा. एवढ्यावर कोणीही बातमी छापली असती. मामा मात्र परवानग्यांवर ज्यांची सही होती त्या निवृत्त अधिकाऱ्याला शोधत कोकणात त्याच्या गावी गेले. त्याने सही निरखून बघितली आणि म्हणाला, ‘‘इतकी देखणी सही मी जन्मात केलेली नाही हो.’’ वही त्याला ओळखत नव्हती आणि तो वहीला विसरला होता. नियम पूर्ण झाला. कागद कोणी तरी बाहेर, कॉम्प्युटरवर बसून तयार केले होते.

त्यानंतर मामा यादीतल्या एकेका इमारतीत जाऊन तिथल्या लोकांचं म्हणणं घेत फिरू लागले. एका शनिवारी दुपारी आमच्या दाराची बेल वाजली. दार उघडंच होतं. मामा एरवी उघड्या दारातून ‘‘आहे का कोणी?’’ करत थेट आत येतात आणि दिवाणावर मांडी घालतात. त्या दिवशी ते बेल वाजवून बाहेर थांबले, मी या म्हटल्यावर आत आले आणि प्लॅस्टिकच्या खुर्चीवर टेकले. वृंदा आतून चहा घेऊन आली.

‘‘नको,’’ मामा म्हणाले.

कप तिच्या हातात तसाच राहिला. मला काही उमगलं नव्हतं. मला वाटलं, पित्त झालं असेल. ती मात्र त्यांच्या अंगाखांद्यावर वाढलेली. तिने कप हळूच टीपॉयवर ठेवला आणि विचारलं, ‘‘मामा, आमची पण?’’

‘‘तुमच्या बिल्डिंगची परवानगी त्या कचेरीतून गेलेलीच नाही. तुमच्या कागदावरचा नंबर दुसऱ्या पत्राचा आहे. मंगळवारी छापून येईल. तुमचं म्हणणं काय ते लिहून घ्यायला आलोय.’’

‘‘माझं म्हणणं?’’ वृंदाचा आवाज चढला. ‘‘तू माझा मामा आहेस, हे माझं म्हणणं!’’

मामांनी ते वहीत लिहिलं. मग वही डोळ्यांजवळ धरून वाचून दाखवलं, ‘‘ ‘तू माझा मामा आहेस, हे माझं म्हणणं.’ असंच ना?’’ मला त्याही परिस्थितीत हसू आलं आणि त्याबद्दल मला बायकोने अजून माफ केलेलं नाही.

‘‘आमचं नाव नाही गाळता येणार? एवढ्या सगळ्या बिल्डिंगी आहेत, एक नसली तर कोणाला कळणारे?’’

‘‘मला कळणारे. आणि बाकीच्या बिल्डिंगीतही कोणाच्या तरी भाच्या आहेतच ना गं.’’

ते गेले तेव्हा चहावर साय धरली होती.

त्या घराबद्दल सांगायला हवं. डोंबिवलीहून शीळफाट्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या अंगाला हा फ्लॅट आम्ही घेतला तेव्हा वृंदा आनंदाने नुसती तरंगत होती. जन्मभर दोन खोल्यांत राहिलेली ती. इथे तिला स्वतःचं स्वयंपाकघर आणि त्याला खिडकी मिळणार होती. टोकन देण्याआधी तिने कागदांची फाईल मामांच्या मांडीवर ठेवली. मामांनी ती हातात धरली, दोन्ही बाजूंनी फिरवली आणि परत देत म्हणाले, ‘‘छान आहे. खिडकी पूर्वेला आहे म्हणालीस ना?’’ आम्हाला आणखी काय हवं होतं? ज्या माणसाला लग्नपत्रिका खरी वाटत नाही त्याने कागद पास केले. वृंदाने ते सगळ्यांना सांगितलं. आमच्या ओळखीच्या तीन कुटुंबांनी त्याच इमारतीत घरं घेतली, ती ‘पत्रकार मामांनी कागद बघितलेत’ या एका वाक्यावर. सोसायटीच्या पहिल्या सभेत ते वाक्य मीही छाती फुगवून म्हटलं होतं.

मंगळवारी बातमी आली. शेवटी एक ओळ होती, ती संपादकांनी दोनदा काढली आणि मामांनी दोनदा घातली: यादीतील एका इमारतीत प्रस्तुत वार्ताहराची भाची राहते. त्यामुळे आम्ही कोणापासून लपण्याचा प्रश्नच उरला नाही. दुसऱ्या मजल्यावरचे पाटील जिन्यात भेटले. ‘‘काय सर, तुमच्या मामांनीच पास केलेलं ना? आणि आता त्यांनीच नापास केलं? मस्त आहे हां तुमच्या फॅमिलीचं.’’ मी खाली मान घालून वर आलो. बिल्डरच्या ऑफिसला कुलूप, फोन बंद. मग इमारत रिकामी करण्याची नोटीस लागली, रहिवासी कोर्टात गेले, तूर्त स्थगिती मिळाली. म्हणजे आम्ही आजही तिथेच राहतो, पण भिंतीत खिळा ठोकायचा झाला तरी वृंदा म्हणते, राहू दे.

ती मामांशी बोलायची थांबली. मामा आमच्याकडे यायचे थांबले. फोन मात्र करायचे. मला, शाळेच्या मधल्या सुट्टीत. ‘‘ती बरी आहे का?’’ मी हो म्हणायचो. मग ते सासूबाईंना फोन करून तेच विचारायचे. एकदा तर आमच्या पोळीवाल्या बाईंनाही विचारलं. त्या सासूबाईंना ओळखत नव्हत्या, हे त्यांना पटलं असावं. बाईंनी सांगितलं, ‘‘ताई जेवतात नीट, पण बोलत नाहीत जास्त.’’

सहा-सात महिने असेच गेले. मग आमच्या वकीलबाईंनी सगळ्या रहिवाशांना कल्याणला बोलावलं. आपली फसवणूक झाली, आपण घर घेताना पुरेशी काळजी घेतली होती, हे कोर्टाला दाखवायचं होतं. ‘‘घेण्याआधी कोणा जाणकाराला कागद दाखवले होते का कोणी?’’ त्यांनी विचारलं. खोलीतली सगळी तोंडं आमच्याकडे वळली. वकीलबाई खूश झाल्या. ‘‘अरे वा! म्हणजे ज्याने हा घोळ बाहेर काढला त्यालाही हे कागद आधी खरे वाटले होते. मग साध्या माणसाला काय कळणार? त्यांच्याकडून प्रतिज्ञापत्र घ्या. एवढंच, की मी कागद पाहिले आणि मला ते खरे वाटले.’’ एका ओळीचं काम. त्या ओळीवर आमचं आणि इतर चाळीस घरांचं बरंच काही अडलं होतं. घरी येऊन वृंदाने इतक्या महिन्यांनी मामांना स्वतः फोन केला. ‘‘मामा, एक कागद लिहून हवाय,’’ म्हणाली आणि वकीलबाईंचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. पलीकडून ‘‘उद्या येतो’’ एवढंच आलं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी मामा आले, दिवाणाकडे न बघता खुर्चीवर बसले आणि घडी घातलेला कागद तिच्यापुढे धरला. तिने तो माझ्याकडे दिला. मी मोठ्याने वाचला.

‘सदर सदनिकेचे कागद खरेदीपूर्वी माझ्या भाचीने मला दाखवले. मी ते उघडून पाहिले नाहीत. पाहिले असते तर जावक क्रमांकाची चौकशी केली असती. ती त्या दिवशी फार आनंदात होती आणि मी तिच्याकडे पाहत होतो.’

खाली सही, तारीख.

मी म्हणालो, ‘‘मामा, याचा केसला काहीच उपयोग नाही.’’

‘‘हो. वकीलबाईंना विचारून आलोय. त्याही तसंच म्हणाल्या.’’ मग वृंदाकडे न बघता ते म्हणाले, ‘‘आयुष्यात एक कागद न बघता दिला मी. तो तुझा. तू एकदाही विचारलं नाहीस, मामा, बघितले होतेस का म्हणून. तू विचारशील म्हणून रोज वाट बघत होतो.’’

वृंदाने कागद माझ्या हातातून घेतला, त्याची पुन्हा घडी घातली, उलगडला, पुन्हा घातली.

‘‘कशाला विचारू? तू चष्मा खिशातून काढलाच नव्हतास,’’ ती म्हणाली. ‘‘समोर बसले होते मी. दिसलं की मला. चष्म्याशिवाय तुला पेपराचं नाव वाचता येत नाही. तरी मी सगळ्यांना सांगत सुटले, मामाने बघितलेत, मामाने बघितलेत. पाटलांना सांगितलं, सगळ्यांना सांगितलं. मला ते घर हवं होतं रे. तू उघडली असतीस फाईल तर तू काही तरी काढलं असतंस.’’

इतकी वर्षं मी मामांना लोकांना बोलतं करताना पाहिलं. समोरचा बोलला की ते लगेच पुढचा प्रश्न टाकतात. त्या दिवशी त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि ती लहान मुलीसारखी हमसून रडायला लागली. मला तिथे थांबणं बरं वाटेना, म्हणून मी उगाच खाली जाऊन दूध आणलं. घरात दोन लिटर दूध होतं.

सोमवारी मामा तो कागद कल्याणला वकीलबाईंकडे देणार होते. मला सुट्टी होती, मीही बरोबर गेलो. त्यांच्या कागदात मी आशेने डोकावलो. एक अक्षर बदललेलं नव्हतं. वकीलबाईंनी तो वाचला, कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, हा मुद्दाच सोडून देऊ आपण, दुसरे आहेत. पुढे खरंच त्यांनी तो कधी काढला नाही, आणि म्हणूनच वृंदाला विचारून मी हे आज लिहू शकतोय. केस अजून चालू आहे. घराचं काय व्हायचं ते व्हायचंय.

बाहेर पडून आम्ही रिक्षासाठी उभे राहिलो. मामा आता थकलेत. चार जिने चढले-उतरले की त्यांना धाप लागते. मला राहवेना. आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट गाळली म्हणून संपादकांशी आयुष्यभर भांडलेला हा माणूस. मी विचारलं, ‘‘मामा, कागदात तुमचं सगळं लिहिलंत. पण ती काल बोलली ते नाही घातलंत. तिला माहीत होतं, ते.’’

त्यांनी येणाऱ्या रिक्षाला हात केला. रिक्षा आली तेव्हा माझ्या दंडाला धरून सावकाश आत बसले.

‘‘ते तिने मामाला सांगितलं हो,’’ ते म्हणाले. ‘‘मामाला सांगितलेलं छापायचं नसतं.’’

एवढं बोलून ते सरकले आणि त्यांनी मला शेजारी जागा करून दिली.